इलेक्टिव्ह संपलं की सफारी: पुण्याहून पूर्व आफ्रिकेला निघणाऱ्या मेडिकलच्या मुलामुलींसाठी

"नैरोबीपर्यंत जातोच आहोत, तर सिंह बघूनच येऊ." इलेक्टिव्हचं, म्हणजे परक्या हॉस्पिटलात काही आठवडे शिकायला जाण्याचं, पत्र हातात पडलं की मेसमध्ये पहिलं वाक्य हेच निघतं. आमच्या वेळीही निघालं होतं. त्यात वावगं काही नाही. महिनाभर परक्या देशातल्या वॉर्डात उभं राहिलेल्या मुलामुलींनी तिथली माती, आभाळ आणि जनावरंही बघावीत, असं मला मनापासून वाटतं. मात्र सफारी कधी करायची, किती दिवसांची करायची आणि तिच्यासाठी आधी काय उरकायचं, हे पुण्यातच ठरवून निघायला हवं. तिकडे पोचल्यावर ठरवायला गेलं की पैसे जास्त जातात आणि हॉस्पिटलच्या दिवसांचा बळी जातो.

मी विद्यार्थिनी असताना केनियात इलेक्टिव्ह केलं. पुढे शिकवायला लागल्यावर मुलांच्या दोन तुकड्यांबरोबर टांझानियात मोशीला गेले. या तीन फेऱ्यांतून माझा एक नियम पक्का झाला: जंगल एकच, रात्री दोन, आणि तेही हॉस्पिटलचा शेवटचा दिवस झाल्यावर. खाली जे लिहिलं आहे ते सगळं या नियमाला धरून आहे.

पहिली पायरी: आधी वॉर्डाचे दिवस, मग जंगलाचे

पहिल्या खेपेला आम्ही पाच जण चुकलो ते इथेच. चार आठवड्यांचं इलेक्टिव्ह होतं आणि दुसऱ्या आठवड्याच्या शनिवार-रविवारी मसाई माराला जाऊन यायचा बेत आखला. महिना एप्रिलचा. तिकडे मार्च ते मे हा मोठ्या पावसाचा काळ असतो, हे आमच्यापैकी कुणीही तपासलं नव्हतं. मारातली बरीच जमीन काळीभोर आणि चिकट आहे, थेट आपल्या बार्शी-सोलापूरकडच्या काळ्या रानासारखी. ओली झाली की चाक आत ओढून घेते. रविवारी दुपारी परतीच्या वाटेवर आमची व्हॅन रुतली. ट्रॅक्टर येईपर्यंत अंधार पडला. रात्र नारोक गावात काढून सोमवारी दुपारी हॉस्पिटल गाठलं.

त्या सकाळी गरोदर बायकांची ओपीडी होती. आम्ही पाच जण असणार म्हणून सिस्टरांनी वजन आणि बीपीची दोन टेबलं वाढवली होती आणि त्या हिशेबाने जास्त बायकांना बोलावलं होतं. आम्ही पोचलो तेव्हा कितीतरी जणी बाकावर ताटकळत होत्या. त्यातल्या काही पहाटे घरून चालत निघालेल्या. सिस्टर आम्हाला काही बोलल्या नाहीत, फक्त रजिस्टर पुढे केलं. ती सकाळ अजून माझ्या मनातून गेलेली नाही.

तेव्हा दिवस असे लावा. शुक्रवार हा वॉर्डाचा शेवटचा दिवस. शनिवार मोकळा. रविवारी पहाटे जंगलाकडे निघायचं, रविवार आणि सोमवारच्या रात्री तिकडे, मंगळवारी दुपारपर्यंत शहरात परत, बुधवारी विमान. म्हणजे तिकीट काढतानाच हॉस्पिटलच्या तारखांपुढे पाच दिवस धरायचे.

शनिवार मोकळा ठेवा म्हणते त्याला वैद्यकीय कारण आहे. शेवटच्या दिवशी कुणाला सुई टोचली किंवा डोळ्यात रक्त उडालं, तर एचआयव्हीसाठीचं प्रतिबंधक औषध शक्य तितक्या लवकर, फार तर ७२ तासांच्या आत सुरू व्हायला हवं आणि पुढे २८ दिवस चालायला हवं. तपासणी करायची, औषध गाठायचं, पहिल्या दोन दिवसांची मळमळ बघायची, हे सगळं शहरात असताना झालेलं बरं. तंबूत बसून हा निर्णय घेण्याची पाळी कुणावर येऊ नये. हे औषध हॉस्पिटलात कुठे ठेवलेलं असतं आणि रात्री ते कुणाकडे मागायचं, हे पहिल्याच दिवशी विचारून वहीत लिहून ठेवा.

दोनच रात्री का? जनावरं हिंडताना दिसतात ती मुख्यतः पहाटे आणि संध्याकाळी. दोन रात्री राहिलात की पहिली संध्याकाळ, मधला पूर्ण दिवस आणि शेवटची सकाळ मिळते. एका दिवसात जाऊन यायचं म्हटलं तर बहुतेक वेळ रस्त्यातच जातो. आणि तीनचार जंगलं जोडलेल्या सहली विद्यार्थ्यांच्या खिशाला परवडत नाहीत, शिवाय महिनाभराच्या थकव्यानंतर त्या अंगावर येतात.

दुसरी पायरी: हॉस्पिटलच्या जवळचं जंगल निवडा

टांझानियातल्या सेरेंगेटीचं नाव सगळ्यांना माहीत असतं, म्हणून सगळ्यांना तिथेच जायचं असतं. पण १४,७६३ चौरस किलोमीटरचं ते रान अरुशा शहराहून मोटारीने जवळजवळ दिवसभराच्या वाटेवर आहे. दोन रात्रींत ते नीट होत नाही. हॉस्पिटल कुठे आहे ते नकाशावर बघा आणि तीनचार तासांत गाठता येईल असं जंगल धरा.

मोशी किंवा अरुशा मिळालं असेल तर तुम्ही नशीबवान. मोशीतलं किलिमांजारो ख्रिश्चन मेडिकल सेंटर परदेशी विद्यार्थ्यांना परिचित आहे, आणि मोशीपासून अरुशा साधारण ८० किलोमीटर. अरुशाहून तारांगिरे दोन-अडीच तासांवर. हत्तींचे मोठे कळप आणि गोरखचिंचेची अवाढव्य झाडं ही तिथली ओळख. कोरड्या दिवसांत सगळी जनावरं तारांगिरे नदीकाठी जमतात, त्यामुळे पहिल्यांदा जाणाऱ्यालाही भरपूर बघायला मिळतं.

त्याच रस्त्याने पुढे न्गोरोंगोरो. ज्वालामुखीचं शिखर आत कोसळून झालेला हा खोलगट प्रदेश १९७९ सालापासून जागतिक वारसा यादीत आहे. तळ सुमारे २६० चौरस किलोमीटरचा, भिंती ६०० मीटरच्या आसपास उंच. सिंह, हत्ती, पाणघोडे, तरस आणि काळा गेंडा हे सगळे एका दिवसात दिसण्याची शक्यता इथे चांगली असते. जिराफ मात्र या तळाशी शोधू नका. चढण इतकी उभी आहे की ते खाली उतरतच नाहीत. आमच्यातल्या एकीने दिवसभर जिराफाची वाट पाहिली आणि संध्याकाळी ड्रायव्हरने हे सांगितलं. रात्री तळाशी राहता येत नाही. कराटू गावात मुक्काम केला तर कड्यावरच्या लॉजपेक्षा बराच स्वस्त पडतो. माझ्या नियमाला मी एकच अपवाद करते तो इथे: कराटूला दोन रात्री राहून मधला दिवस न्गोरोंगोरोत आणि परतताना तारांगिरेचा अर्धा दिवस. वाट एकच असल्यामुळे ते जमतं.

नैरोबीत असाल तर दिवसांप्रमाणे ठरवा. अर्धाच दिवस हाताशी असेल तर शहराला लागूनच असलेलं नैरोबी नॅशनल पार्क. १९४६ सालचं, केनियातलं पहिलं. अवघं ११७ चौरस किलोमीटर, पण गेंडे, सिंह, जिराफ सगळे आहेत आणि मागे शहराच्या उंच इमारती दिसतात. फक्त हत्ती नाहीत. एक रात्र असेल तर नैवाशा. तिथल्या हेल्स गेटमध्ये झेब्र्यांच्या कळपांजवळून सायकल चालवता येते, आणि महिनाभर वॉर्डात उभं राहिल्यावर ते फार बरं वाटतं. दोन रात्री असतील तर गेंड्यांसाठी नाकुरू किंवा मग मसाई मारा. माराला पोचायला पाचसहा तास लागतात, मात्र तो मोकळा गवताळ प्रदेश एकदा बघितला की विसरता येत नाही.

दार-एस-सलामच्या मुलांनी उत्तरेकडे धावण्यापेक्षा मिकुमीला जावं. २०२४ पासून मोरोगोरोपर्यंत विजेवर चालणारी नवी रेल्वे सुरू झाल्यामुळे तिथे पोचणं सोपं झालं आहे. युगांडात कंपालाला असलेल्या मुलांना लेक म्बुरोचं जंगल जवळ पडतं. तिथे झेब्रे आणि पाणघोडे आहेत, पण सिंह-हत्तींची अपेक्षा धरू नये.

तिसरी पायरी: महिना बघा

आपल्या कॉलेजांच्या सुट्ट्या आणि तिकडचे ऋतू यांचा मेळ नेहमी बसतोच असं नाही. मार्च-एप्रिल-मे मोठा पाऊस, नोव्हेंबरच्या सुमारास छोटा. जून ते ऑक्टोबर कोरडा काळ, तेव्हा गवत आखूड असतं आणि जनावरं पाण्याजवळ असतात. वाइल्डबीस्ट या गव्यासारख्या दिसणाऱ्या हरणांचे लाखोंचे कळप साधारण जुलै ते ऑक्टोबर मारात येतात. फेब्रुवारीच्या आसपास ते सेरेंगेटीच्या दक्षिणेला असतात आणि त्यांची वासरं तेव्हाच जन्मतात. एप्रिल-मेमध्येच जाणं होत असेल तर डांबरी रस्त्याने पोचता येतील अशीच जंगलं घ्या, आणि व्हॅनऐवजी चारही चाकांना जोर असलेली लँड क्रूझरच मागा.

चौथी पायरी: कागद

सगळ्यात आधी कॉलेजकडून लेखी परवानगी घ्या. तीत इलेक्टिव्हच्या तारखा आणि नंतरची सुट्टी वेगवेगळी लिहून घ्या. पुढे हजेरीचा प्रश्न आला तर हाच कागद उपयोगी पडतो.

व्हिसाच्या बाबतीत विद्यार्थी एक घोटाळा नेहमी करतात. सफारीसाठी पर्यटक म्हणून अर्ज करतात आणि त्याच परवानगीवर वॉर्डात उभे राहतात. उलट करा. यजमान हॉस्पिटलला ईमेल लिहून विचारा की क्लिनिकल इलेक्टिव्हसाठी कुठल्या प्रकारची परवानगी लागते आणि उत्तर छापून जवळ ठेवा. केनियाने जानेवारी २०२४ पासून जुना व्हिसा बंद करून ऑनलाइन प्रवास परवाना, म्हणजे ईटीए, सुरू केला. त्याच्या जोडीला हॉस्पिटलात बसायला वेगळा पास लागतो का, हे हॉस्पिटलच सांगेल. केनिया, युगांडा आणि रवांडा या तीन देशांचा मिळून एक पर्यटक व्हिसा आहे, तो ९० दिवस चालतो. टांझानिया त्यात नाही. म्हणून नैरोबीत इलेक्टिव्ह आणि न्गोरोंगोरोत सफारी असा बेत असेल तर टांझानियाचा व्हिसा वेगळा काढावा लागेल.

यलो फीव्हरची लस आणि तिचं पिवळं कार्ड. केनिया, युगांडा आणि इथिओपिया हे देश भारताच्या धोक्याच्या यादीत आहेत. तिथून परतताना कार्ड नसेल तर आपल्या विमानतळावर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. मोशीला जाणारी बरीच तिकिटं नैरोबी किंवा अदिस अबाबामार्गे असतात, शिवाय केनियातून रस्त्याने टांझानियात शिरतानाही कार्ड मागतात. म्हणून "आपण तर टांझानियालाच चाललोय" असं म्हणून ही लस टाळू नका. कार्ड लस घेतल्यापासून दहा दिवसांनी लागू होतं आणि २०१६ पासून ते आयुष्यभर चालतं. लस फक्त सरकारमान्य केंद्रावरच मिळते, ठराविक वारी आणि आधी नाव नोंदवून. सुट्टीच्या हंगामात नंबर लवकर लागत नाही, तेव्हा निघण्याआधी दोन महिने फोन करा. ही जिवंत लस आहे. एमएमआर (गोवर, गालगुंड, रुबेला) किंवा कांजिण्यांची लसही घ्यायची असेल तर त्याच दिवशी घ्या, नाहीतर मध्ये चार आठवडे सोडा. अंड्याची तीव्र ॲलर्जी असेल, गर्भारपण असेल किंवा स्टेरॉइड चालू असतील तर डॉक्टरांशी आधी बोला. आपण स्वतः मेडिकलचे म्हणून हा सल्ला टाळायची सवय असते, ती इथे नको.

विमा. स्वाहिलीत विम्याला "बीमा"च म्हणतात आणि औषधाला "दावा". दोन्ही शब्द ओळखीचे वाटतील. पॉलिसीत तीन गोष्टी शब्दशः शोधा: वॉर्डात काम करताना झालेली इजा किंवा संसर्ग, राष्ट्रीय उद्यानातली सफारी, आणि विमानाने हलवण्याचा खर्च. साध्या पर्यटक पॉलिसीत पहिली गोष्ट बहुधा नसते. रानातून आजारी माणसाला हलवायचं तर विमानच लागतं. नैरोबीच्या विल्सन विमानतळावरून अॅम्रेफ फ्लाइंग डॉक्टर्सची सेवा चालते. तिची मूळ संस्था १९५७ मध्ये सुरू झाली आणि पर्यटकांसाठी तिच्या अल्पमुदतीच्या सभासद योजना आहेत. तुमच्या सफारीच्या खर्चात ते सभासदत्व धरलं आहे का, हे ऑपरेटरला विचारा.

पाचवी पायरी: मलेरिया आणि बाकीचे आजार

नैरोबी शहर १,८०० मीटरच्या आसपास उंचीवर आहे, तिथे मलेरियाचा धोका कमी. त्यामुळे महिनाभर गोळ्या न घेतलेली मुलं तशीच माराला जातात. तिथे मात्र धोका आहे. गोळ्या जंगलाच्या हिशेबाने सुरू करा. ॲटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल एकदोन दिवस आधी सुरू करून परतल्यावर सात दिवस घ्यायची. डॉक्सिसायक्लिनही एकदोन दिवस आधी, पण परतल्यावर चार आठवडे. मेफ्लोक्विन दोन-तीन आठवडे आधी सुरू करावी लागते, म्हणजे ऐनवेळी तिचा उपयोग नाही. डॉक्सिसायक्लिनने कातडी उन्हाला हळवी होते आणि सफारीच्या गाडीचं छप्पर दिवसभर उघडं असतं, तेव्हा टोपी आणि सनस्क्रीन लागतंच.

अरुशाहून न्गोरोंगोरोला जाताना म्तो वा म्बू नावाचं गाव लागतं. नावाचा अर्थ "डासांची नदी". गावकऱ्यांनी नाव उगीच दिलेलं नाही. तिथे मुक्काम असेल तर संध्याकाळी पूर्ण बाह्यांचे कपडे घाला.

तारांगिरे आणि सेरेंगेटीत त्सेत्से माशी असते. तिच्यामुळे स्लीपिंग सिकनेस होतो, आणि चावली की दुखतं ते वेगळंच. तिला गडद निळा आणि काळा रंग ओढून घेतो. आपले स्क्रब्ज, म्हणजे वॉर्डात घालायचे कपडे, बहुतेक वेळा त्याच निळ्या रंगाचे असतात, म्हणून ते जंगलात घालू नका. तलावात पोहू नका, बिल्हार्झिया या कृमींच्या आजाराची लागण गोड्या पाण्यातूनच होते. वटवाघळांच्या गुहांत शिरू नका. केनियातल्या माउंट एल्गनच्या किटुम गुहेशी १९८० च्या दशकातले मारबुर्ग या जीवघेण्या विषाणूचे दोन रुग्ण जोडले गेले होते. रेबीजची पूर्वलस निघण्याआधीच पूर्ण करा.

सहावी पायरी: गाडी, ऑपरेटर आणि पैसे

ताडोबा केलेल्यांना वाटतं की तिकडेही जिप्सी मिळेल आणि सकाळ-दुपार अशा ठरलेल्या फेऱ्या असतील. पूर्व आफ्रिकेत तसं नसतं. तुम्ही शहरातूनच गाडी आणि ड्रायव्हर-गाइड घेऊन निघता आणि तोच तीन दिवस तुमच्याबरोबर असतो. खर्चाचा मोठा भाग गाडीमागे असतो, माणसामागे नसतो. म्हणून सहा जण असाल तर प्रत्येकाला खिडकी मिळते आणि भाडंही विभागलं जातं. दोघंच असाल तर हॉस्पिटलातल्या दुसऱ्या देशांच्या इलेक्टिव्ह विद्यार्थ्यांना विचारा. आमच्या गाडीत दुसऱ्या खेपेला एक डच आणि दोन मलेशियन मुलं होती, छान गट्टी जमली.

ऑपरेटर निवडताना केनियात केएटीओ आणि टांझानियात टीएटीओ या व्यावसायिक संघटनांच्या सभासद यादीत नाव आहे का बघा. टांझानियात सरकारी परवान्याला ताला म्हणतात, त्याची प्रत मागा. रस्त्यावर हॉटेलबाहेर गाठून स्वस्तात नेतो म्हणणाऱ्याला आगाऊ पैसे देऊ नका. माझ्या ओळखीच्या एका तुकडीची आगाऊ रक्कम अशीच गेली.

दर मागताना पुढचे प्रश्न लेखी विचारा. उद्यानाचं शुल्क धरलं आहे का आणि ते किती तासांचं? टांझानियाच्या राष्ट्रीय उद्यानांत शुल्क २४ तासांवर मोजतात, मारात १२ तासांवर, त्यामुळे निघायची वेळ दोन तासांनी चुकली तरी आणखी एका दिवसाचे पैसे पडू शकतात. न्गोरोंगोरोच्या तळाशी उतरण्याचं गाडीमागचं वेगळं शुल्क धरलं आहे का? टांझानियाचा १८ टक्के व्हॅट दरात आहे का? माराचं परदेशी प्रौढांसाठीचं शुल्क २०२४ पासून जानेवारी ते जूनमध्ये १०० डॉलर आणि जुलै ते डिसेंबरमध्ये २०० डॉलर रोज असं झालं. दोन दिवसांचे माणशी ४०० डॉलर नुसते दारात द्यायचे असतील तर त्या महिन्यांत नाकुरू-नैवाशाचा विचार जरूर करा. हे आकडे बदलत राहतात, म्हणून पैसे भरण्याच्या आठवड्यात पुन्हा बघा. विद्यार्थी म्हणून काही सवलत आहे का तेही विचारा आणि कॉलेजचं ओळखपत्र जवळ ठेवा.

डॉलरच्या नोटा नव्या आणि कोऱ्या घ्या. जुन्या छपाईच्या, फाटक्या किंवा पेनाने खूण केलेल्या नोटा तिकडे बऱ्याच ठिकाणी घेत नाहीत. पुण्यात नोटा घेताना तिथेच एकेक उलगडून बघा. ड्रायव्हरच्या बक्षिसाचं पाकीट निघतानाच वेगळं भरून ठेवा. शेवटच्या दिवशी खिसा रिकामा आणि तो माणूस तीन दिवस पहाटे चारला उठलेला, अशी वेळ आली की फार वाईट वाटतं.

सातवी पायरी: पिशवी

आई चिवडा, भडंग, शेंगदाण्याची चटणी आणि थालीपिठाची भाजणी प्लॅस्टिकच्या पिशव्यांत बांधून देणार. केनियाने २०१७ मध्ये आणि टांझानियाने २०१९ मध्ये प्लॅस्टिकच्या कॅरी बॅगांवर बंदी आणली. ती प्रवाशांनाही लागू आहे. केनियाच्या संरक्षित क्षेत्रांत एकदाच वापरायच्या प्लॅस्टिकलाही २०२० पासून मनाई आहे. खाऊ डब्यांत भरा, कपड्यांना कापडी पिशव्या आणि पाण्याला स्टीलची बाटली.

लष्करी छापाचे कपडे पूर्णपणे टाळा; तिकडे सामान्य माणसाने ते घातले तर पोलिसी भानगड होऊ शकते. खाकी, मातकट, फिकट हिरवे रंग चांगले. गरम जॅकेट न्याच. विषुववृत्त म्हटलं की आपल्याला घाम आठवतो, पण न्गोरोंगोरोचा कडा २,३०० मीटरच्या आसपास आहे आणि जून ते ऑगस्ट या दिवसांत पहाटे उघड्या गाडीत दात वाजतात. पिशवी मऊ असू द्या, कडक सूटकेस गाडीत मावत नाही. प्लग तिकडे तीन चौकोनी पायांचे असतात, आपले बसत नाहीत, अडॅप्टर घ्या.

दुर्बीण कुणा पक्षी बघणाऱ्या मित्राकडून उसनी आणा आणि निघण्याआधी एक सकाळ भिगवणला घालवा. हिवाळ्यात उजनीच्या पाण्यावर रोहित पक्षी (फ्लेमिंगो) असतात. दूरचा पक्षी दुर्बिणीत धरायला हात बसला की तिकडे गवतातला चित्ता सापडतो. पहिल्यांदाच दुर्बीण हातात घेतलेली मुलं गाडीत नुसती आभाळ बघत बसतात.

आठवी पायरी: गाडीत बसल्यावर

गाइडला नमस्कार म्हणून "हबारी" म्हणा, आभार मानायला "असांते". तुम्ही "दाक्तारी" होणार आहात हे कळलं की तो घरच्यांच्या आजाराबद्दल विचारेल. प्रेमाने ऐका, पण रस्त्यात बसून औषध लिहून देऊ नका. कुठल्या दवाखान्यात जावं एवढंच सांगा. तुम्हाला तिथे औषधं लिहून देण्याचा परवाना नाही.

ठरलेल्या जागांशिवाय खाली उतरायचं नाही. खिडकीतून हातही बाहेर काढायचा नाही. सिंह डोळे मिटून पडलेला असला तरी हळूच बोलायचं. फोटोसाठी रस्ता सोडून गाडी आत घाला, असं गाइडला कधीही म्हणू नका. दंड त्याला होतो आणि परवानाही त्याचाच जातो. चित्ता दिवसा शिकार करतो. भोवती गाड्यांचा गराडा पडला की त्याची शिकार हुकते आणि पिल्लं उपाशी राहतात, म्हणून मारात एका मार्जार प्राण्याजवळ पाचच गाड्या थांबाव्यात असा नियम आहे. पाच गाड्या आधीच असतील तर "थांबूया, आमची घाई नाही" हे तुम्हीच गाइडला सांगा. पर्यटक असं म्हणाले की त्याच्यावरचं दडपण उतरतं.

डबा गाडीत बसूनच खा. न्गोरोंगोरोच्या तळाशी जेवायच्या जागी घारी हातातला घास उचलून नेतात, नखांचे ओरखडे उठतात. माकडं तर उघड्या खिडकीची वाटच बघत असतात.

फोटोंबद्दल माझं मत ठाम आहे. हत्तीचे हवे तेवढे काढा. मसाई गावात गेलात तर आधी परवानगी घ्या, मोबदला आधी ठरवा आणि मगच कॅमेरा काढा. वॉर्डातल्या रुग्णांचे, विशेषतः लहान मुलांचे, फोटो काढूच नका. एकाच अल्बममध्ये झेब्रा, सिंह आणि सलाइन लावलेलं मूल मी बघितलं आहे. ससूनच्या वॉर्डात कुणी पाहुण्याने आपल्या रुग्णांचे असे फोटो काढले असते तर आपल्याला काय वाटलं असतं, याचा विचार करा.

नववी पायरी: परतल्यावर

घरी आल्यावर थकव्यात गोळ्यांचा उरलेला कोर्स विसरला जातो. मोबाइलवर रोजचा गजर लावून ठेवा आणि कोर्स पूर्ण करा.

आणि ताप. तुम्ही जुलै-ऑगस्टमध्ये परतलात आणि ताप आला तर पुण्यात घरचे, शेजारचे, कोपऱ्यावरचे डॉक्टर सगळे आधी डेंग्यूच म्हणणार, कारण पावसाळ्यात इथे तो असतोच. फॅल्सिपेरम हा मलेरियाचा सगळ्यात घातक प्रकार जंगलात शिरल्यापासून साधारण आठवड्याने दिसू शकतो, परतल्यावर तीन महिन्यांपर्यंतही येतो, आणि काही तासांत बिघडतो. गोळ्या नीट घेतल्या होत्या म्हणून तो होणारच नाही असं धरू नका. दवाखान्यात गेल्यावर नावानंतरचं पहिलं वाक्य "मी आफ्रिकेतून आलेय, जंगलात राहिले होते" हेच असू द्या. रक्ताची मलेरियासाठी तपासणी त्याच दिवशी करून घ्या. पहिली निगेटिव्ह आली आणि ताप तसाच राहिला तर बारा ते चोवीस तासांनी पुन्हा करा. जंगलात किती तारखेपासून किती तारखेपर्यंत होतात, ते पासपोर्टच्या पाकिटात एका चिठ्ठीवर लिहून ठेवा आणि ती चिठ्ठी घरात कुणाला तरी दाखवून ठेवा.